वाचाघात झालेल्या माणसाशी घरी कसं बोलावं: पहिल्या तासापासून रोजच्या सरावापर्यंत

पाहुणे येतात, पलंगाच्या कडेला टेकतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, "काका, ओळखलंत का मला? सांगा बरं, मी कोण?" काकांनी ओळखलेलं असतं, ते डोळ्यांत दिसतं. ओठ हलतात, "त... ते..." एवढंच बाहेर येतं. पाहुणे आवाज चढवून तेच पुन्हा विचारतात आणि काका भिंतीकडे तोंड फिरवतात. दाराबाहेर गेल्यावर पाहुणे हळूच म्हणतात, "माणसं ओळखत नाहीत आता."

स्पीच थेरपिस्ट म्हणून घरोघरी जाताना हे मी इतक्या वेळा पाहिलंय की शेवटी लिहायला बसले. पक्षाघाताचा झटका, डोक्याला मार किंवा गाठ यामुळे मेंदूतला भाषेचा भाग दुखावला की वाचाघात होतो. डॉक्टर त्याला अफेजिया म्हणतात. त्यात शब्द, वाक्यं, वाचन, लेखन बिघडतं. माणसांची ओळख, आवडीनिवडी, मान-अपमानाची जाणीव बहुतेकांची शाबूत असते. घरचे लोक जिवापाड करतात, पण क्रम उलटा होतो. तोंडून शब्द काढून घ्यायची घाई आधी होते आणि "हो" म्हणजे खरंच हो का, हे तपासायचं राहून जातं. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या.

## टप्पा 1: बोलणं अचानक बिघडलं तर

1. घड्याळ बघा. माणूस शेवटचा नीट बोलला ती वेळ लिहून ठेवा. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच असतो.
2. 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्या. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. काही निवडक रुग्णांत गुठळी नळीने काढता येते, तेही जास्तीत जास्त 24 तासांपर्यंत. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर दर मिनिटाला सुमारे 19 लाख पेशी मरतात.
3. तोंडाने काहीही देऊ नका. पाणी नाही, साखरपाणी नाही, गोळीही नाही. गिळण्याचे स्नायू लुळे असतील तर पाणी फुप्फुसात जातं. अ‍ॅस्पिरिन तर मनाने मुळीच देऊ नका. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर ते उलटतं. मधुमेह असेल आणि घरी यंत्र असेल तर साखर तपासा आणि आकडा डॉक्टरांना सांगा, कारण साखर खूप उतरली तरी बोलणं असंच अडखळतं.

सावध: हातपाय चांगले चालतात, तोंडही वाकडं नाही, पण माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागला, तरी तो झटका असू शकतो. "भ्रम झालाय", "डोक्यावर परिणाम झालाय", "बाहेरचं काहीतरी आहे" असं म्हणत रात्र काढली आणि साडेचार तास निघून गेले, अशी घरं मला माहीत आहेत. लकव्याचं औषध देणाऱ्याकडे जाण्यातही हेच तास जातात.

बोलणं आठवड्या-महिन्यांत हळूहळू खालावत गेलं असेल तर तो वेगळा आजार असू शकतो. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

## टप्पा 2: नेमकं काय बिघडलंय ते ओळखा

उजव्या हाताने काम करणाऱ्या शंभरातल्या साधारण 95 जणांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात असते. म्हणूनच वाचाघाताबरोबर अनेकदा उजवा हात-पाय लुळा पडतो. डाव्या भागात इजा कुठे झाली, त्यावर चित्र बदलतं.

इजा पुढच्या बाजूला असेल तर बोलणं तुटक होतं. "मी काल बँकेत पेन्शन आणायला गेलो होतो" याऐवजी "मी... बँक... पेन्शन... काल" एवढंच येतं. प्रत्यय गळतात किंवा भलतेच लागतात, क्रियापद सापडत नाही. ऐकलेलं बरंचसं कळतं आणि आपलं चुकतंय हेही कळतं. चिडचिड आणि रडू त्यातूनच येतं.

इजा मागे, कानाच्या वरच्या भागाजवळ असेल तर उलटं होतं. बोलणं सलग असतं, हेल अस्सल मराठी असतो, पण अर्थ लागत नाही: "तो पाटा ना, तिकडचा सळवा करून ठेवला की मग होतंय बरोबर." दुसऱ्याचं बोलणं पुरेसं कळत नाही आणि आपलं चुकतंय हेही ध्यानात येत नाही. अशा माणसाला घरचे वेडा ठरवतात, कारण तो बोलतोय तर त्याला कळतही असणार असा त्यांचा समज असतो.

इजा मोठी असेल तर बोलणं आणि समजणं दोन्ही जातं. काहींना बाकी सगळं जमतं, फक्त ऐन वेळी नाव आठवत नाही. आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. शब्द आणि वाक्य बरोबर, पण उच्चार जड आणि बोबडा असेल तर तो वाचाघात नाही, ती जिभेच्या आणि ओठांच्या स्नायूंची कमजोरी आहे. असा माणूस लिहून सगळं सांगू शकतो, वाचाघात झालेला बहुधा नाही.

घरी एवढं तपासा. समोर पेला, किल्ली, कंगवा आणि रुमाल ठेवा.

- "किल्ली दाखवा." मग "आधी रुमाल दाखवा, मग पेला." कळतं का?
- वस्तू दाखवून नाव विचारा. येतं का?
- "घर", "खिडकी", मग "आज बाजार बंद आहे" हे तुमच्यामागून म्हणायला सांगा.
- कागदावर "कंगवा" लिहून दाखवा. बरोबर वस्तूकडे बोट जातं का?

इथे हमखास चूक होते: "किल्ली दाखवा" म्हणताना आपली नजर किल्लीकडे जाते, हात हलतो. माणूस शब्द नाही, आपली नजर वाचतो, आणि आपण खूश होतो की सगळं कळतंय. विचारताना हात मागे बांधा आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघा.

हे निदान नव्हे. निदान स्पीच थेरपिस्टच करतो. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत आणि नायर रुग्णालयात या विषयाचे विभाग आहेत. इतरत्र, ज्या रुग्णालयात उपचार झाले तिथे सुटी मिळायच्या आधीच थेरपिस्टचं नाव मागून घ्या. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हेही विचारा.

## टप्पा 3: बोलायला बसण्याआधीची तयारी

1. चष्मा, श्रवणयंत्र, कवळी. रुग्णालयात पिशवीत गेलेली कवळी महिनाभर पिशवीतच राहते आणि सगळे म्हणतात उच्चार स्पष्ट नाहीत.
2. टीव्ही बंद, कुकर उतरलेला, खोलीत एका वेळी एकच बोलणारा.
3. डाव्या मेंदूच्या इजेत काहींना उजवीकडचं दिसत नाही. ताटातला उजवीकडचा भात तसाच राहतो का, बघा. राहत असेल तर वही आणि वस्तू समोर किंवा थोड्या डावीकडे ठेवा.
4. जाड पेन आणि रेघा नसलेली मोठी वही. उजवा हात चालत नसेल तर पहिल्या दिवसापासून डाव्या हाताने खुणा करू द्या. अक्षर वाकडं येईल, येऊ द्या.
5. फोटो त्यांच्याच वस्तूंचे घ्या: त्यांचा कप, त्यांची गोळ्यांची डबी, घरातलं संडासाचं दार, नातवंडं, देवघर, नेहमीचा दुकानदार. मोबाइलवर काढून छापून आणा.

दोन चुका टाळा. पहिली, बालवाडीतला चित्रांचा तक्ता. सत्तर वर्षांच्या माणसापुढे हत्ती आणि फुगा ठेवून "हे काय?" विचारलं की अपमानच होतो, आणि हत्ती हा शब्द त्यांना दिवसभरात लागतही नाही. दुसरी, बाराखडीची पाटी. "बोलता येत नाही तर अक्षरावर बोट ठेवून सांगू देत" असं घरच्यांना वाटतं. पण वाचाघातात शब्दच सापडत नाही, मग त्याची अक्षरं कुठून सापडणार? गळ्याला नळी असलेल्या माणसाला ही पाटी उपयोगी पडते, वाचाघातात फार थोड्यांना.

## टप्पा 4: हो-नाही पक्कं करा

हा टप्पा कुणी करत नाही, आणि सगळं इथेच अडतं.

एका घरी आजींना रोज रात्री हळदीचं दूध दिलं जायचं. सून विचारायची, "दूध घेणार ना?" आजी मान हलवायच्या. प्यायच्या, आणि तोंड वाकडं करायच्या. सहा आठवडे असंच चाललं होतं. मी सुनेला म्हटलं, आजींना शेजारणीचं नाव घेऊन विचारा, तुमचं नाव हे का? आजींनी तशीच मान हलवली. त्यांची मान होकार देत नव्हती, कुणीतरी आपल्याशी बोलतंय याला प्रतिसाद देत होती.

असं करा:

1. आधी खूण ठरवा. आपल्याकडे मान तिरकी डोलवली तर हो, आडवी हलवली तर नाही, आणि या दोहोंमधलं डोलणं कशालाही चालतं. म्हणून मानेवर विसंबू नका. अंगठा वर म्हणजे हो, तळहात आडवा म्हणजे नाही. किंवा वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात डावीकडे "हो" आणि बरोबरची खूण, उजवीकडे "नाही" आणि फुली. उजवीकडचं दिसत नसेल तर दोन्ही वर-खाली लिहा.
2. उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे असे दहा प्रश्न विचारा. पाचांचं उत्तर हो, पाचांचं नाही, आणि मिसळून. "तुमचं नाव अमुक?" "आपण आत्ता नागपुरात आहोत?" "हा पेला आहे?" दहापैकी नऊ-दहा बरोबर आले तरच त्यांच्या हो-नाहीवर भरवसा ठेवा. पाच-सहा बरोबर म्हणजे निव्वळ अंदाज.
3. प्रश्न सरळ विचारा. "चहा नको ना?" याला "हो" आलं तर ते हवा की नको? धडधाकट माणूसही गोंधळतो. "चहा हवा?" एवढंच पुरे. एका वेळी एकच गोष्ट.
4. महत्त्वाची गोष्ट उलटवून विचारा. "पोट दुखतंय?" ला हो आलं तर थोड्या वेळाने "पोट बरं आहे?" दोन्हींना हो आलं तर उत्तर मिळालेलंच नाही.
5. तिसरी खूणही द्या: प्रश्नचिन्ह, म्हणजे "माहीत नाही" किंवा "तुम्ही भलतंच विचारताय". ही खूण नसली की माणूस दोहोंत अडकतो.

हो-नाही भरवशाचं नसेल तर दोन वस्तू हातात धरा: एका हातात चहाचा कप, दुसऱ्यात पाण्याचा पेला. बोट किंवा नजर कुठे जाते ते बघा, मग हात बदलून पुन्हा धरा. दोन्ही वेळा वस्तू तीच निघाली तर ती खरी निवड.

पुढे जाण्याआधी तपासा: घरातले सगळे तीच खूण वापरतात का? सकाळची बाई एक खूण करते आणि संध्याकाळी मुलगा दुसरी, असं असेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा 5: आपलं बोलणं बदला

समोर, त्यांच्या उंचीवर बसा. नेहमीच्या आवाजात बोला. कान चांगले असतील तर ओरडून काही साधत नाही. वाक्यं छोटी ठेवा, पण मोठ्या माणसाशी बोलावं तशीच. "बाबा, मुकुंदा येणारे. उद्या. सकाळी." प्रत्येक तुकड्यानंतर थांबा आणि मुख्य शब्द वहीत लिहा: मुकुंदा, उद्या, सकाळ. विषय बदलताना सांगा, "आता दुसरं. औषधांचं."

मराठीतल्या काही जागा खास अडचणीच्या आहेत. "परवा" हा शब्द टाळा. तो मागचाही असतो आणि पुढचाही. कॅलेंडरवर बोट ठेवा. आकडे नुसते बोलू नका. बावन्न आणि पंचवीस, एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत घसरगुंडी ठरलेलीच, म्हणून अंकांत लिहा; पैशांचं असेल तर नोटाच समोर ठेवा. तो-ती-ते उलटसुलट होईल. सासरे सुनेला "आई" म्हणतील, नवरा बायकोबद्दल "तो आला" म्हणेल. त्यांनी ओळखलं नाही असं समजू नका. मेंदूने जवळचा शब्द उचलला, एवढंच.

घरच्यांनी कधी न ऐकलेली शिवी तोंडून बाहेर पडते, तेव्हा घर हादरतं. अशी तोंडात घोळलेली भाषा वेगळ्या वाटेने येते आणि बाकी बोलणं गेलं तरी ती टिकते. रागावू नका, बोलणं पुढे न्या.

## टप्पा 6: शब्द अडला की काय करायचं

पहिली पायरी थांबण्याची. मनातल्या मनात दहा अंक मोजा. आपल्याला दोन सेकंदांतच अस्वस्थ व्हायला होतं आणि आपण शब्द पुरवून मोकळे होतो, त्यांना मात्र तेवढ्यात निम्माही सापडलेला नसतो. दहा सेकंद गेले की विचारा, "मदत करू?" हो आलं तरच पुढच्या पायऱ्या चढा. समजा, त्यांना चष्मा हवाय:

1. "कुठे असतो? दाखवा." बोट, हावभाव, वहीतली आकृती, काहीही चालेल.
2. "कशाला वापरता?" वस्तूभोवतीचे शब्द आले की कधी कधी नावही ओढलं जातं.
3. अर्धं वाक्य: "पेपर वाचायला डोळ्यांवर लावतो तो..."
4. पहिला ध्वनी: "च..." तोंड दिसेल असा म्हणा. अक्षर लिहून तेवढा उपयोग होत नाही, कारण चष्म्यातला च आणि चमच्यातला च लिहायला एकच, तोंडात वेगळा.
5. तरी नाही आला तर तुम्ही शब्द म्हणा, ते मागून म्हणतील, आणि लगेच चष्मा हातात द्या.

सावध: काय हवंय ते कळलं असताना "आधी नाव सांगा, मग देते" असं अडवू नका. तहानलेल्या माणसाकडून "पाणी" वदवून घेणं हा सराव नव्हे. आणि काही कळलं नाही तर कळल्यासारखी मान हलवू नका, त्यांना ते लगेच समजतं. सांगा, "बाबा, तुमच्या डोक्यात नक्की आहे, मलाच अजून कळलं नाही. जेवून झाल्यावर पुन्हा बघू." आणि जेवणानंतर खरंच पुन्हा विचारा.

एकच शब्द पुन्हा पुन्हा येऊ लागला, कप दाखवला तरी "किल्ली", रुमाल दाखवला तरी "किल्ली", तर थांबा. मिनिटभर गप्प बसा, खिडकीतून बाहेर बघा, मग नव्याने सुरू करा. दटावल्याने तोच शब्द आणखी घट्ट बसतो.

## टप्पा 7: रोजचा सराव

सकाळी, ताजेतवाने असताना 20 मिनिटं. जमलं तर संध्याकाळी आणखी 20. मेंदू लवकर थकतो; चुका वाढल्या की वही मिटा.

सुरुवात सवयीच्या भाषेने करा: वार, पाढे, आरती, अभंग. एक निवृत्त एसटी वाहक होते. त्यांना चहा मागता येत नव्हता. मी "स्वारगेट" म्हटलं आणि ते एका दमात म्हणाले, "कात्रज, खेड शिवापूर, शिरवळ, सुरूर, सातारा." बायकोला रडू आलं. वाचा परत आली असं तिला वाटलं. तसं ते नव्हतं. ती साखळी होती, आणि तिच्यातला शिरवळ वेगळा काढून म्हणता येत नव्हता. म्हणून आम्ही मध्येच थांबायला शिकलो: मी "कात्रज, खेड..." म्हणायची आणि ते "शिवापूर". नंतर फोटो दाखवून एकेक थांबा. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी शिरवळचा फोटो बघून आपण होऊन म्हटलं, "शिरवळ. चहा." तिथे गाडी थांबायची.

आरती गाता येते आणि बोलता येत नाही, याचं कारण हेच. गाण्याला मेंदूच्या उजव्या बाजूचाही हातभार असतो. त्याचा उपयोग असा करा: "पाणी द्या", "बाहेर चला" यासारखी दोन-तीन शब्दांची कामाची वाक्यं संथ सुरात म्हणा, त्यांच्या डाव्या हाताने मांडीवर ठेका धरा, आणि पुढच्या दिवसांत सूर हळूहळू कमी करत न्या. नुसत्या आरत्या म्हणवून घेण्यावर थांबू नका.

शब्द त्यांच्या दिवसातले निवडा. एका आठवड्याला आठ-दहा पुरेत. हाक मारायची नावं, जागा, "दुखतंय", "पुरे", "नको", "थांब".

भाषा कोणती? आयुष्यभर घरात जी बोलले ती. गोव्यातल्या आजीची कोंकणी असेल तर कोंकणी. दोन-तीन भाषा येणाऱ्यांच्या सगळ्या भाषा सारख्या परततातच असं नाही. घरी मराठी आणि कचेरीत इंग्रजी बोललेल्या माणसाचं इंग्रजी आधी येऊ शकतं. येईल त्या भाषेतला शब्द घ्या, "मराठीत सांगा" म्हणून परत पाठवू नका. मुलांकडे परदेशी असताना झटका आला तर दुभाष्या मागून मराठीतही तपासणी करून घ्या. फक्त इंग्रजीत तपासलं तर कळत असलेलंही कळत नाही अशी नोंद होते.

पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यांत वेगाने होते. "सहा महिन्यांत जेवढं आलं तेवढंच" हे मात्र खोटं आहे. वर्षांनंतरही सरावाने शब्द येतात, वेग कमी असतो.

डॉक्टरांकडे परत कधी: बोलणं एकाएकी पुन्हा बिघडलं किंवा फिट आली तर तत्काळ. जेवताना ठसका लागतो, पाणी प्यायल्यावर आवाज घोगरा होतो, तर त्याच आठवड्यात. जेवण सोडलं, झोप गेली, सरावाला नकार, सतत रडू, असं दोन आठवडे चाललं तर नैराश्याचं विचारा. झटक्यानंतर ते फार जणांना येतं आणि त्यावर उपचार आहेत.

## टप्पा 8: पाहुणे, बँक, कागदपत्रं

पाहुण्यांना दारातच सांगा: परीक्षा घ्यायची नाही. स्वतःचं नाव आधी सांगायचं, "काका, मी सुधाकरचा मोठा, सांगलीहून आलोय", आणि मग त्यांना सांगायचं, विचारायचं नाही. एका वेळी दोघं, पंधरा मिनिटं. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल तिसऱ्याशी बोलायचं नाही.

बँकेत सही जमत नसेल तर अंगठा चालतो. त्याला बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. पण अंगठा घेण्याआधी व्यवहार समजावून सांगा: रक्कम अंकांत लिहा, हो-नाहीचं पान पुढे धरा, आणि टप्पा 4 मध्ये दिलंय तसं उलटवून विचारा. बोलता येत नाही म्हणून ठरवताही येत नाही, असं धरून कुणी परस्पर अंगठा उठवत असेल तर तिथेच थांबवा.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये दिव्यांगतेचे 21 प्रकार आहेत. त्यांत वाचा व भाषा दिव्यांगता आहे आणि तिच्या व्याख्येत अफेजियाचा स्पष्ट उल्लेख आहे. दोष कायमचा राहिला तर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज करता येतो. बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के दिव्यांगता लागते. हात-पायही लुळा असेल तर अर्जात दोन्ही दिव्यांगता लिहा. लोक फक्त हात-पाय लिहितात आणि वाचेचं राहून जातं.

बाहेर पडताना त्यांच्या खिशात एक कार्ड ठेवा: "मला वाचाघात आहे. मला समजतं, बोलायला वेळ लागतो. हो-नाहीचे प्रश्न विचारा." खाली घरचा फोन नंबर. कार्ड डाव्या खिशात, डावा हात पोहोचेल असं.